मुंबईचे रोजचे जगणे, जुन्या वर्तमानपत्रांतून

मुंबईत पहिले वर्तमानपत्र निघाले ते १७८९ साली. त्याचे नाव 'बॉम्बे हेरल्ड'. पुढच्याच वर्षी 'बॉम्बे कुरिअर' आले आणि १७९१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'. ही पत्रे कोटात राहणाऱ्या मूठभर इंग्रजांसाठी होती. त्यांतल्या विलायतेच्या बातम्या जहाजाने येत, त्यामुळे त्या कित्येक महिन्यांच्या शिळ्या असत. पण बंदरात कोणता माल उतरला, कोणाचे घर लिलावात निघाले, कोणते जहाज कधी सुटणार हा मजकूर मात्र त्याच आठवड्याचा, ताजा असे. शहराचा रोजचा इतिहास शोधणाऱ्याला म्हणूनच युद्धे आणि तहांच्या बातम्यांपेक्षा हा बारीक टाइपातला मजकूर अधिक उपयोगी पडतो. त्यात लोक काय खात, कशाने प्रवास करत, कशाला वैतागत आणि कशासाठी पैसे मोजत, हे सापडते.

या बारीक मजकुरामुळेच देशी भाषांना मुंबईच्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा जागा मिळाली. 'कुरिअर'चे इंग्रज वाचक थोडे होते, पण माल घेणारे पारशी, भाटिये, बोहरी व्यापारी पुष्कळ. लिलावाची किंवा ठेक्याची नोटीस त्यांच्यापर्यंत पोहोचायची तर ती त्यांच्या लिपीतच हवी. म्हणून १७९७ मध्ये 'कुरिअर'च्या छापखान्यातल्या बेहरामजी जीजीभाई छापगर यांनी गुजराती खिळे पाडले आणि गुजराती जाहिरात छापली गेली. पंचवीस वर्षांनी, १ जुलै १८२२ रोजी, फर्दुनजी मर्झबान यांनी 'मुंबई समाचार' सुरू केले. ते आजही निघते. मराठीत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' आले, एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी अशा रचनेचे. मग भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' (१८४१), पुण्यात 'ज्ञानप्रकाश' (१८४९), मुंबईत 'इंदुप्रकाश' (१८६२) अशी रांग लागली. इंग्रजीत नोव्हेंबर १८३८ मध्ये 'बॉम्बे टाइम्स' आठवड्यातून दोनदा निघू लागले. १८६१ मध्ये त्याचेच 'टाइम्स ऑफ इंडिया' झाले.

जुन्या इंग्रजी दैनिकाचा अंक उघडला की आजच्या वाचकाला नवल वाटते ते पहिल्या पानाचे. विसाव्या शतकातही बरीच वर्षे ते पान जाहिरातींनी भरलेले असे आणि बातम्या आतल्या पानांवर असत. व्यापारी शहरातल्या माणसाला सकाळी आधी बोट, भाव आणि लिलाव पाहायचा असे, म्हणून ही रचना. त्या पानावर बोटींच्या येण्याजाण्याच्या तारखा आहेत, कापसाचे भाव आहेत, हुंडीचे दर आहेत. मायदेशी निघालेल्या साहेबाच्या घरातले सामान लिलावात आलेले आहे: पियानो, बग्गी, घोडा, काचेची भांडी, जेवणाचे मेज. इंग्रजी धाटणीचे फर्निचर मुंबईतल्या पारशी आणि हिंदू घरांत कोणत्या वाटेने शिरले, याचा माग या लिलावांत लागतो. प्रवाशांच्या याद्याही बोलक्या आहेत. कॅप्टन आणि त्यांची पत्नी नावानिशी येतात. त्यांच्याबरोबरची आया किंवा नोकर नावाशिवाय, फक्त 'नोकर' म्हणून.

एखादी जाहिरात किती सांगू शकते हे पाहायचे तर ७ जुलै १८९६ चा 'टाइम्स ऑफ इंडिया' घ्यावा. त्या दिवशी वॉटसन हॉटेलात 'सिनेमॅटोग्राफ'चे खेळ होणार असल्याची जाहिरात त्यात आली. शतकाचे आश्चर्य, जगातला चमत्कार असा तिचा थाट होता. संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहा असे चार खेळ. तिकीट एक रुपया. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने आणलेली ती चित्रे होती. गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, अशी छोटी छोटी दृश्ये. भारतात पडद्यावर हलती चित्रे दिसली ती त्या संध्याकाळी, आणि त्याची खबर शहराला मिळाली ती पैसे भरून छापलेल्या चार ओळींतून.

पण शहराचा इतिहास शोधणाऱ्याने तिथे थांबू नये. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि जाहिरात बदलली. तिकिटे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत झाली. गोषातल्या स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्स जाहीर झाले. गोऱ्यांच्या हॉटेलातली एक रुपयाची करमणूक काही दिवसांत चार आणे खिशात असलेल्या कारकुनापर्यंत आणि बुरख्याआडच्या बाईपर्यंत आली, हे या दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की कळते. चित्रपटाच्या इतिहासात ७ जुलै ही तारीख सगळे सांगतात. मुंबईच्या इतिहासाला ही दुसरी जाहिरात अधिक मोलाची आहे. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा तो पाहायला येणारा प्रेक्षक आधीच्या सतरा वर्षांत घडलेला होता.

वर्तमानपत्राचा एक स्वभाव वाचकाने ध्यानात ठेवावा लागतो. वस्तू नवी असते तेव्हा तिची बातमी होते, अंगवळणी पडली की ती पानावरून नाहीशी होते, आणि पुन्हा दिसते ती तक्रारीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, हे सारे तपशील मिळतात. त्यानंतर रोज त्याच गाडीने जाणाऱ्या माणसाबद्दल कोणी मुद्दाम लिहीत नाही. तो सापडतो वाचकांच्या पत्रव्यवहारात: डब्यात गर्दी फार, तिसऱ्या वर्गाची आबाळ, गाडी वेळेवर नाही. ट्रामचेही तसेच. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. सुरुवातीला तिकीट देण्याची पद्धतच नव्हती. फुकट्यांची संख्या वाढली तेव्हा त्याच वर्षी तिकिटे आली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि घोडे रस्त्यावरून गेले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची. या नव्वद वर्षांत मुंबईकर घरातून किती वाजता निघे, कामाच्या किती जवळ राही, रात्री नाटकाहून परत कसा येई, हे ट्रामच्या वेळापत्रकांतून आणि तिच्याविषयीच्या कुरकुरीतून जुळवता येते.

पाण्याची कथाही अशीच वाचावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. पाऊस कमी पडला की उन्हाळ्यात हाल होत. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानशाचे. या तारखा कोणत्याही पुस्तकात आहेत. वर्तमानपत्रे त्यांच्यामधली जागा भरतात: नळ कोणत्या गल्लीत आधी आला, कुठे नाही, पाणी किती वाजता सुटते, पाणीपट्टी कोणी भरायची, मालकाने की भाडेकरूने. मुंबईत घरमालक आणि भाडोत्री यांच्यातल्या भांडणाचा इतिहास लिहायचा तर तो इथूनच सुरू करावा.

पैशाची लाट आणि ओहोटी वर्तमानपत्रात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाहता पाहता बँका आणि कंपन्यांच्या जाहिरातींनी पाने भरली. बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपनीचा पाच हजार भरणा झालेला शेअर पन्नास हजारांच्या घरात विकला गेला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, १ जुलैला वायद्याचे देणे चुकवायची वेळ आली आणि सारा डोलारा कोसळला. काही महिन्यांतच त्याच पानांवर दिवाळे निघाल्याच्या आणि घरे, गाड्या, घोडे विकायला काढल्याच्या नोटिसा आल्या. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. आकड्यांतली ही घट कशी घडली, कोणती पेढी बुडाली, किती बंगले रिकामे झाले, हे सांगायला त्या नोटिसांसारखा साक्षीदार नाही.

रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा, आणि आज जवळजवळ विसरला गेलेला विषय म्हणजे घड्याळ. मुंबई आपल्या सूर्याप्रमाणे चाले. रेल्वे मात्र मद्रासची वेळ पाळी, आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने शहरावर मद्रास टाइम आणला. विरोध इतका झाला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून देशभर स्टँडर्ड टाइम लागू झाला, मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढचा. सरकारी कचेऱ्यांनी आणि रेल्वेने तो घेतला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता: भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार म्हणजे अंधारात उठायचे, अंधारातच घराबाहेर पडायचे. महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही आणि १९५५ पर्यंत ती पाळली.

याचा परिणाम असा झाला की जवळजवळ अर्धे शतक एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. सभा, नाटक, लग्नाचा मुहूर्त, काहीही छापायचे तर वेळेपुढे 'मुं. टा.' की 'स्टँ. टा.' हे लिहावे लागे. जुन्या अंकांतल्या कार्यक्रमांच्या याद्या वाचताना ही दोन अक्षरे पाहिली नाहीत तर हिशेब चुकतो. शिवाय कोण कोणती वेळ पाळतो हे पाहणे फार उद्बोधक आहे. सरकारी समारंभ एका वेळेने, महापालिकेचे काम दुसऱ्या वेळेने. परकीय सत्तेने आपल्या सकाळ-संध्याकाळीत हात घालू नये ही भावना राजकीय ठरावात जितकी सापडेल, त्याहून अधिक ती या छोट्या अक्षरांत सापडते. पंचांगांत आणि लग्नपत्रिकांत 'स्टँ. टा.' पुढेही कितीतरी वर्षे टिकून राहिले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर महापालिकेचे सभासदही होते. त्यांनी ही गोष्ट जाहीर केली आणि पुढचे काही महिने शहराची वर्तमानपत्रे दुसऱ्याच तऱ्हेची झाली. रोजचे मृत्यूचे आकडे छापले जाऊ लागले. भोवताली जंतुनाशकांच्या, गोळ्यांच्या आणि अर्कांच्या जाहिराती दिसतात. घरे तपासायला येणाऱ्या पथकांविषयी संतापाची पत्रे आहेत, इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही अशी भीती आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस आर्थर रोड इस्पितळावर जमाव चालून गेला तो याच भीतीपोटी. १८९७ च्या आरंभी जवळपास निम्मे शहर गावोगावी पळाले. १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ७,७६,००६ इतकीच भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी होती. प्लेगचा वैद्यकीय इतिहास अहवालांत आहे, पण बंद दुकाने, स्टेशनावरची झुंबड आणि शेजाऱ्याला खोकला आला तरी दार लावून घेणारी चाळ समजून घ्यायची तर त्या थंडीतले अंक एकामागून एक वाचावे लागतात.

मात्र जुन्या वर्तमानपत्रात सगळे शहर असते असे समजणे ही मोठी चूक आहे. ज्याला वर्गणी परवडे आणि वाचता येई त्याचे ते शहर. गिरणी कामगार तिथे बहुधा 'दंगा', 'अपघात' किंवा 'संप' या मथळ्याखालीच येतो. म्हणून १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेल्या 'दीनबंधु'चे मोल फार. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांची सभा भरवली. तिथल्या मागण्या म्हणजे गिरणगावाच्या दिवसाचा नकाशाच आहे: आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. ज्याची मागणी करावी लागते ते मिळत नव्हते, हे उघड आहे. रविवारची सुटी मान्य झाली ती १० जून १८९० रोजी.

बायकांचा आवाज त्याहून क्वचित ऐकू येतो आणि आला तरी टोपणनावाने. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्रे आली. ती रखमाबाईंची होती. न कळत्या वयात झालेले लग्न मान्य न करता नवऱ्याच्या घरी जायला नकार देणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या याच रखमाबाई. ती पत्रे आणि त्यांवर आलेली उत्तरे एकत्र वाचली म्हणजे तेव्हाच्या सुशिक्षित घरात जेवणाच्या पंगतीला काय बोलले जात असेल याचा अंदाज येतो.

काही वेळा जे छापले गेले नाही तेच सर्वांत महत्त्वाचे असते. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने घेतली नाही. त्या आठवड्याचा 'केसरी' कितीही बारकाईने वाचला तरी ही गोष्ट त्यात दिसणार नाही. ती कळायला 'मूकनायक'चा गट काय सांगतो ते वाचावे लागते. एकाच दिवसाची दोन-तीन वेगवेगळ्या समाजांची पत्रे शेजारी ठेवून वाचणे हाच यावर उपाय आहे. दुसरे मौन सरकारचे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या बोटीचा स्फोट झाला. अर्धे शहर हादरले, आगी दिवसेंदिवस धुमसत राहिल्या, सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्या. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांना याचा मोकळा वृत्तांत महिनाभर देता आला नाही. शहरातल्या प्रत्येकाने ऐकलेला आवाज शहराच्या पत्रांत मात्र नव्हता.

सरकार देशी पत्रांवर नजरही ठेवून होते. मुंबई इलाख्यातल्या मराठी, गुजराती, कानडी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार होई. हे अहवाल आज पुराभिलेखात आहेत आणि ज्या पत्रांचा एकही अंक उरलेला नाही त्यांचे चार शब्द फक्त तिथेच वाचायला मिळतात. पण सरकारी भाषांतरकाराने उचलले ते राजकारण आणि असंतोष. तुपाचा भाव, हरवलेल्या पोरीची जाहिरात, नाटकाची वेळ यांत त्याला रस नव्हता. रोजचा इतिहास मूळ अंकातच राहिला.

आणि हे मूळ अंकच नाशाच्या वाटेवर आहेत. 'दर्पण'च्या काळातला कागद चिंध्यांच्या लगद्याचा, दणकट. १८७० नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असते, त्यामुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. परिणामी १८४० चा अंक अजून उलटता येतो आणि रेशनिंगच्या दिवसांतला, १९४३ चा अंक हातात घेताच त्याचे तुकडे होतात. मोठ्या इंग्रजी दैनिकांची पाने संगणकावर आली आहेत. छोट्या मराठी साप्ताहिकांच्या वाट्याला हे भाग्य फारसे आलेले नाही, आणि शहराच्या गल्लीबोळांची खबर सर्वांत जास्त त्यांच्याकडेच होती. शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली एक ओळसुद्धा कामाची असते. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि छापखान्याचे ठिकाण छापणे सक्तीचे केले. अशा ओळी जुळवल्या की काळबादेवी, गिरगाव, ठाकुरद्वार या भागांत कोणत्या गल्लीत छापखाने होते याचा नकाशा तयार होतो.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला राज्य पुराभिलेख, पुण्यात केसरीवाड्याचे ग्रंथालय, अशा ठिकाणी जुन्या अंकांच्या फायली आहेत, पण त्यांत मधले कित्येक अंक गळालेले आहेत. ते कधीकधी घरांत सापडतात: ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले, पुस्तकाला घातलेल्या कव्हरात, आजोबांनी एखाद्या बातमीसाठी जपून ठेवलेले. असा कागद हाती आला तर त्याला चिकटपट्टी लावू नये, घडी पुन्हा पुन्हा उघडू नये, सपाट ठेवून त्याचा फोटो काढावा आणि अंक जवळच्या जुन्या ग्रंथालयाला दाखवावा. पूर्ण अंक असेल तर फारच उत्तम, पण जाहिरातींचे एकच पान उरले असेल तरी ते रद्दीत घालू नये.